अर्धवेळ नोकरीचा राजीनामा : सभ्य आणि निःसंदिग्ध पत्र कसे लिहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी एका छोट्या कार्यालयात दीड वर्षापासून अर्धवेळ काम करते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस, दररोज चार तास, नोंदी ठेवणे आणि ग्राहकांचे फोन घेणे असे तिचे काम आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास वाढल्यामुळे तिला हे काम सोडायचे आहे. नेमणुकीच्या पत्रात पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यावी, एवढे एकच वाक्य आहे. ज्या व्यवस्थापक बाईंनी तिला सगळे काम हाताला धरून शिकवले, त्यांचे मन दुखवू नये अशी तिची मनापासून इच्छा आहे. अर्धवेळ नोकरीला राजीनाम्याचे पत्र लागते का, कारण किती सांगावे आणि पत्र नम्र कसे होईल, हे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी अनेक वर्षे कर्मचारी विभागात काम करत आले आहे आणि या काळात पूर्णवेळ व अर्धवेळ अशा दोन्ही प्रकारच्या नोकऱ्यांचे राजीनामे माझ्या टेबलावर आले आहेत. त्यांतली अर्धवेळ नोकरीची पत्रे सहसा दोन टोकांची असतात. काही पत्रे एका ओळीची असतात आणि त्यांत तारीखच नसते, तर काही दोन पाने आभाराने भरलेली असतात आणि त्यांतही तारीख नसते. पहिले पत्र तुटक आणि दुसरे नम्र वाटते, पण ज्याला त्या पत्रावरून पुढची व्यवस्था करायची असते त्याच्यासाठी दोन्ही सारखीच अपुरी असतात. राजीनाम्याच्या पत्रातली नम्रता विशेषणांत नसते. आपल्या जाण्यामुळे समोरच्याला जी कामे करावी लागणार आहेत, त्यांसाठी लागणारी माहिती त्याने न विचारता देणे, ही त्या पत्रातली खरी नम्रता आहे.

पत्र लागते का, याचे उत्तर हो असेच आहे, आणि अर्धवेळ नोकरीत ते पूर्णवेळ नोकरीपेक्षा अधिक लागते असे मी म्हणेन. पूर्णवेळ काम करणारी व्यक्ती एक दिवस आली नाही तर त्याच दिवशी विचारणा होते. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस येणाऱ्या व्यक्तीच्या दोन पाळ्यांमध्ये दोन-तीन दिवसांची मोकळी जागा असतेच, त्यामुळे तिचे काम नेमके कोणत्या दिवशी संपले हे हजेरीवरून आपोआप कळत नाही. दुसरीकडे शेवटचे वेतन, शिल्लक रजेचा हिशेब, अनुभवाच्या दाखल्यावरचा कालावधी आणि नव्या माणसाची नेमणूक या सगळ्या गोष्टी त्याच एका तारखेला बांधलेल्या असतात. माझ्या पाहण्यात एक पत्र आले होते, ज्यात ‘या महिन्यानंतर मला जमेल असे वाटत नाही’ असे लिहिले होते. लिहिणारीच्या मनात तो राजीनामा होता. वाचणाऱ्याला ती अडचण सांगणारी विनंती वाटली आणि त्याने पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात तिच्या पाळ्या कमी करून लावल्या. ती आली नाही, तिच्या नावापुढे गैरहजेरी लागली, आणि दाखला मागायला ती आली तेव्हा नोंदीत तिने काम सोडल्याची तारीखच नव्हती. दोन्ही बाजूंनी वाईट हेतू कोणाचाच नव्हता, फक्त एक वाक्य नीट लिहिलेले नव्हते.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. मला ही नोकरी सोडायची आहे, की या नोकरीचे तास किंवा दिवस बदलून हवे आहेत? अर्धवेळ कामात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण तीन दिवसांचे दोन दिवस करणे किंवा परीक्षेचे दोन महिने बिनपगारी रजा घेणे अशा तडजोडी तिथे तुलनेने सहज होतात. तशी इच्छा असेल तर आधी तेवढीच विचारणा करावी आणि राजीनाम्याचा शब्द मध्ये आणू नये. राजीनामा हा सवलत मिळवण्याचा मार्ग म्हणून वापरला, की पुढच्या खेपेला आपला शब्द कोणी गंभीरपणे घेत नाही. शिवाय काही वेळा समोरचा माणूस तो राजीनामा लगेच स्वीकारतोही. एकदा दिलेला राजीनामा मागे घेणे सर्वसाधारणपणे समोरच्याच्या संमतीवर अवलंबून असते, ही गोष्ट सही करण्यापूर्वी लक्षात असावी.

निर्णय पक्का असेल तर पत्राआधी प्रत्यक्ष बोलावे. ज्यांनी काम शिकवले त्यांना ही बातमी कागदावरून किंवा दुसऱ्या सहकाऱ्याकडून कळणे, हेच मन दुखावण्याचे सर्वांत मोठे कारण असते. त्यासाठी मोठे भाषण तयार करण्याची गरज नाही. गर्दीची वेळ टाळून पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यावर पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि निर्णय, शेवटचा दिवस व कारण या तीन गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात. कारणापासून सुरुवात केली तर ऐकणारी व्यक्ती त्या कारणावर उपाय सुचवू लागते, आणि मग निर्णय सांगताना आपण तिचा उपाय नाकारतो आहोत असे चित्र उभे राहते. बोलणे झाले की त्याच दिवशी पत्र द्यावे. चार दिवस मध्ये गेले तर पूर्वसूचनेचा काळ तोंडी सांगितले त्या दिवसापासून धरायचा की पत्र मिळाले त्या दिवसापासून, असा अकारण वाद तयार होतो.

आता तारखेचा हिशेब. इथेच अर्धवेळ नोकरीची पत्रे सर्वांत जास्त चुकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. ‘पंधरा दिवसांची पूर्वसूचना’ याचा अर्थ वेगळे काही लिहिलेले नसेल तर कॅलेंडरचे पंधरा दिवस असा घेतला जातो, कामाचे पंधरा दिवस असा नाही. समजा, तुम्ही मंगळवार, ३ जून २०२५ या दिवशी पत्र दिले आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरली, तर पंधरावा दिवस बुधवार, १८ जून हा येतो. पण बुधवारी तुमची पाळीच नसते. म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष कामावर येण्याचा शेवटचा दिवस मंगळवार, १७ जून आणि सेवा संपण्याची तारीख १८ जून, अशा दोन वेगळ्या तारखा होतात. पत्रात त्या दोन्ही लिहाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे वारही लिहावा. वार लिहिल्याने आकड्यातली चूक लगेच लक्षात येते, आणि वेळापत्रक लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात तारखांपेक्षा वारच अधिक असतात.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. ५, ७, १०, १२, १४ आणि १७ जून अशा तुमच्या उरलेल्या पाळ्या फक्त सहा होतात, आणि चार तासांच्या हिशेबाने हे चोवीस तास भरतात. पूर्णवेळ माणसाच्या तीन दिवसांच्या कामाएवढाच हा वेळ आहे. कागदावर पंधरा दिवस भरपूर वाटतात, पण काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला इतकाच वेळ हाताशी असतो. म्हणून शक्य असेल तर अटीत आहे त्यापेक्षा आठवडाभर अधिक मुदत द्यावी, किंवा निदान या सहा पाळ्यांत रजा मागू नये. आणखी एक व्यवहारी गोष्ट अशी की, जिथे पाळ्यांचे वेळापत्रक आठवड्याचे किंवा महिन्याचे लागते, तिथे पुढचे वेळापत्रक लागण्यापूर्वी पत्र द्यावे. लागलेले वेळापत्रक मोडून पुन्हा लावताना इतर तीन-चार जणांचे दिवस हलतात, आणि त्यांची नाराजी व्यवस्थापकांना सोसावी लागते.

नेमणुकीचे पत्रच नसेल किंवा त्यात पूर्वसूचनेबद्दल काहीच नसेल, तर आधी तिथल्या देशाच्या किंवा राज्याच्या कामगारविषयक नियमांत किमान मुदत दिली आहे का हे पाहावे. तशी नसेल तर दोन आठवडे किंवा वेतनाचे एक चक्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढी मुदत देणे मला रास्त वाटते.

पत्राच्या भाषेकडे वळते. राजीनाम्याच्या पत्रात एक वाक्य असे असते की, ज्यावर बाकी सगळे पत्र उभे असते, आणि त्या वाक्याचे क्रियापद निश्चयार्थी असले पाहिजे. ‘मी राजीनामा देत आहे’ हे निश्चित विधान आहे. ‘राजीनामा देण्याचा विचार आहे’, ‘राजीनामा द्यावा असे वाटते’, ‘शक्यतो महिनाअखेरपर्यंत थांबेन’ ही वाक्ये सौम्य वाटतात, पण ती वाचणाऱ्याला निर्णय सांगत नाहीत, त्याच्याकडून निर्णय मागतात. ‘राजीनामा स्वीकारावा ही विनंती’ हे आपल्याकडे रूढ झालेले वाक्य आहे आणि त्यात चूक काही नाही, परंतु ते ‘देत आहे’ या विधानानंतर यावे, त्याच्या जागी नव्हे. नुसती विनंती लिहिली की ती मान्य होईपर्यंत काहीच घडलेले नाही, असा अर्थ काढायला वाव राहतो.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची असते. मराठीत औपचारिक लिहायचे म्हटले की हात आपोआप सरकारी परिपत्रकाकडे जातो. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात मी कितीतरी पत्रांत पाहिली आहे. ‘कळविण्यात येते’ ही कर्ता लपवणारी रचना कार्यालयाने नागरिकाला किंवा वरिष्ठ कार्यालयाने कनिष्ठ कार्यालयाला लिहिण्याची आहे. एका कर्मचाऱ्याने आपल्या व्यवस्थापकांना तसे लिहिले, की लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला एक ताठा पत्रात उतरतो. ‘मी आपणांस कळवू इच्छिते’ हे साधे वाक्य अधिक औपचारिक आणि अधिक सभ्य आहे. ‘तात्काळ प्रभावाने’ हा शब्दप्रयोगही टाळावा. तो मराठीत परका वाटतो आणि कानाला आदेशासारखा लागतो.

कारण किती सांगावे, या प्रश्नाचे माझे उत्तर एक वाक्य असे आहे, आणि ते वाक्य खरे असावे. तुमच्या बाबतीत ‘पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी मला पूर्ण वेळ द्यावयाचा आहे’ इतके पुरेसे आहे. कोणता विषय कठीण जातो, मागच्या सत्रात किती गुण कमी पडले, घरचे काय म्हणतात, हे तपशील पत्रात नकोत. जितकी जास्त कारणे दिली जातात तितके आपण स्वतःचे समर्थन करत आहोत असे वाटू लागते, आणि समर्थन दिसले की समोरचा माणूस नकळत त्यातल्या पळवाटा शोधू लागतो. कारण सांगायचे नसेल तर ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हा शब्द वापरता येतो, किंवा कारणाचे वाक्य पूर्णपणे गाळले तरी पत्र अपुरे ठरत नाही. मात्र खोटे कारण कधीही लिहू नये. गावाला जाणार असे लिहून महिनाभराने त्याच भागात दुसरीकडे काम करताना दिसणे, हे कारण न सांगण्यापेक्षा कितीतरी वाईट असते. दुसरी नोकरी मिळाली असेल तर तेवढे सांगावे. नव्या ठिकाणचे नाव किंवा वेतन सांगण्याची गरज नसते.

आभाराबद्दलही माझे मत असेच आहे. ‘आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाबद्दल मी आपली आजन्म ऋणी राहीन’ हे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकते, म्हणून ते कोणालाच पोहोचत नाही. त्याऐवजी एक खरी गोष्ट आठवावी. चिडलेल्या ग्राहकाचा फोन आला तेव्हा आधी पूर्ण ऐकून घ्यायचे हे त्यांनी शिकवले असेल, किंवा पहिल्या महिन्यात नोंदीत झालेली चूक कोणासमोर न बोलता त्यांनी सोबत बसून दुरुस्त करून घेतली असेल, तर ते लिहावे. दीड वर्ष ज्यांनी शिकवले त्यांना आपले शिकवणे नेमके कुठे उपयोगी पडले हे वाचायला मिळणे, याहून मोठा आभार पत्रात मावत नाही.

या सगळ्याचे मिळून तुमच्यासाठी पत्र कसे होईल, ते खाली देते. रिकाम्या जागा तुम्ही भराव्यात.

दिनांक : मंगळवार, ३ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कार्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : अर्धवेळ कार्यालयीन साहाय्यक या पदाचा राजीनामा

महोदया,

मी आपल्या कार्यालयात डिसेंबर २०२३ पासून मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशी अर्धवेळ कार्यालयीन साहाय्यक म्हणून काम करत आहे. या पदाचा मी या पत्राद्वारे राजीनामा देत आहे. नेमणुकीच्या पत्रातील पंधरा दिवसांच्या पूर्वसूचनेनुसार माझी सेवा बुधवार, १८ जून २०२५ रोजी संपेल आणि कामावर प्रत्यक्ष येण्याचा माझा शेवटचा दिवस मंगळवार, १७ जून २०२५ हा असेल.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी मला पूर्ण वेळ द्यावयाचा असल्याने मी हा निर्णय घेतला आहे.

उरलेल्या सहा पाळ्यांमध्ये माझ्याकडील सर्व नोंदी मी अद्ययावत करीन आणि ज्या ग्राहकांची कामे अपुरी आहेत त्यांची यादी शनिवार, ७ जूनपर्यंत आपल्याकडे देईन. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीला या काळात काम समजावून देण्यास मी तयार आहे. कार्यालयाची किल्ली व ओळखपत्र मी शेवटच्या दिवशी परत करीन.

ग्राहकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, ही सवय मला आपल्यामुळे लागली. पहिल्या महिन्यातील माझ्या चुका आपण ज्या शांतपणे दुरुस्त करून घेतल्या, त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

माझा राजीनामा स्वीकारून तसे लेखी कळवावे, तसेच शेवटच्या वेतनाचा हिशेब व अनुभवाचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
(पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, संपर्क)

या पत्रातल्या काही निवडींबद्दल सांगायला हवे. काम सोपवण्याच्या परिच्छेदात ‘सर्वतोपरी सहकार्य करीन’ असे मी लिहिलेले नाही, कारण त्या शब्दांवरून व्यवस्थापकांना काहीच ठरवता येत नाही. यादी ७ जूनपर्यंत मिळणार, हे कळले तर येते. ही तारीख मुद्दाम मधली ठेवली आहे. यादी शेवटच्या दिवशी दिली तर त्यावर प्रश्न विचारायला तुम्ही तिथे नसता. पासवर्डबद्दल पत्रात फार तर उल्लेख करावा, पासवर्ड मात्र पत्रात कधीही लिहू नयेत. ते व्यवस्थापकांना वेगळे द्यावेत आणि तुमच्यानंतर बदलून घ्यावेत असे सुचवावे, कारण पुढे काही गोंधळ झाला तर ते तुमच्याच हिताचे ठरते.

वेतनासाठी ‘थकबाकी’ हा शब्द मी वापरलेला नाही. ज्याची मुदत अजून यायची आहे त्या रकमेला थकबाकी म्हटले, की त्यात आरोप दिसतो. ‘शेवटच्या वेतनाचा हिशेब’ पुरेसा आहे. अनुभवाच्या दाखल्यात पद, कालावधी आणि काम अर्धवेळ होते हे तिन्ही स्पष्ट असावे. अर्धवेळ हा शब्द गाळून घेण्याचा मोह काहींना होतो, पण पुढच्या ठिकाणी चौकशी झाली तर तो गाळलेला शब्दच अडचणीचा ठरतो. लेटरहेड, सही आणि दिनांक आहे ना, हे दाखला हातात घेतानाच पाहावे.

पत्र दिल्याचा पुरावा आपल्याकडे असावा. कागदावर दिले तर दोन प्रती घ्याव्यात आणि एका प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून सही व तारीख घ्यावी. यात अविश्वास दाखवला असे वाटून अनेक जण संकोचतात, पण ‘माझ्या फाइलसाठी एक सही हवी होती’ असे सरळ म्हटले तर कोणालाही वावगे वाटत नाही. ई-मेलने पाठवत असाल तर विषयाच्या ओळीतच राजीनामा हा शब्द, आपले नाव आणि शेवटची तारीख असावी, आणि एक प्रत आपल्या खासगी पत्त्यावरही पाठवावी, कारण कार्यालयाचा ई-मेल काम सुटताच बंद होतो आणि त्यासोबत आपला पुरावाही जातो. व्हॉट्सॲपवर फक्त पत्र पाठवल्याचे कळवावे. तिथले चार ओळींचे संभाषण हाच राजीनामा मानण्याची वेळ येऊ देऊ नये. चार-पाच दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मूळ पत्राचा दिनांक देऊन दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे आणि ठरलेल्या पाळ्या मात्र नेहमीप्रमाणे कराव्यात.

पत्र कोणाच्या नावे लिहावे, याबाबत नियम सोपा आहे. ज्यांच्या सहीने नेमणूक झाली त्यांच्या नावे लिहावे आणि रोजचे काम पाहणाऱ्या पर्यवेक्षकांना प्रत द्यावी. एखाद्या कंत्राटदार संस्थेमार्फत नेमणूक झाली असेल तर राजीनामा त्या संस्थेला द्यावा लागतो, आणि ज्या ठिकाणी आपण रोज जातो तिथे प्रत द्यायची असते. याच्या उलट केले तर पत्र देऊनही ते योग्य हाती पोहोचले नाही, असे होऊ शकते.

काही वेळा पूर्वसूचना देणे खरोखरच शक्य नसते. आजारपण, घरातली आकस्मिक अडचण किंवा अचानक बदललेले वेळापत्रक अशी परिस्थिती असेल, तर पत्र आणखी लहान करावे, पण त्यातली तारीख गाळू नये. ‘घरातील आकस्मिक आजारपणामुळे मला गुरुवार, ५ जून २०२५ पासून कामावर येणे शक्य होणार नाही. म्हणून मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. पूर्वसूचनेची मुदत पाळता येत नसल्याबद्दल मी दिलगीर आहे आणि ती माफ करावी अशी विनंती करते. माझ्याकडील अपुऱ्या कामांची यादी सोबत जोडली असून पुढील आठवडाभर फोनवर माहिती देण्यास मी उपलब्ध आहे.’ इतके पुरे. मात्र नेमणुकीच्या अटींत मुदतीच्या बदल्यात वेतन कापण्याची तरतूद आहे का, हे हे पत्र देण्याआधी पाहून ठेवावे.

एका बाबतीत मी वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवायला सांगेन. तुमचा प्रश्न तसा नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा असू शकतो, म्हणून लिहिते. वेतन महिनोन्महिने थकले आहे, छळ होतो आहे किंवा ‘राजीनामा लिहून द्या, नाहीतर काढून टाकू’ असा दबाव आहे, अशा वेळी केवळ सभ्य दिसावे म्हणून ‘वैयक्तिक कारणांमुळे, स्वखुशीने’ असे लिहून देऊ नये. पुढे दाद मागायची वेळ आली तर तुमच्याच सहीचे ते वाक्य तुमच्याविरुद्ध ठेवले जाते. समोर ठेवलेल्या तयार पत्रावर तिथल्या तिथे सही करू नये. वाचायला एक दिवस मागावा आणि कामगारविषयक कायदा जाणणाऱ्या व्यक्तीचा सल्ला घ्यावा. इतर लहानसहान तक्रारी, म्हणजे पाळ्यांची वाटणी, एखाद्या सहकाऱ्याचा स्वभाव, वाढवून न मिळालेले वेतन, या राजीनाम्यात लिहू नयेत. त्या सांगायच्याच असतील तर निरोपाच्या वेळी तोंडी किंवा वेगळ्या पत्रात सांगाव्यात, कारण राजीनाम्याचे पत्र फाइलमध्ये राहते आणि ती फाइल पुढे कोण उघडेल हे आपल्या हातात नसते.

राहिला व्यवस्थापक बाईंचे मन दुखवू नये हा तुमचा मुद्दा. वरच्या पत्रात ‘महोदया’ आणि ‘आपली विश्वासू’ हे मायने वाचून तुम्हाला ते पत्र कोरडे वाटेल, याची मला कल्पना आहे. दीड वर्ष ज्यांच्याजवळ बसून काम शिकलो त्यांना ‘स. न. वि. वि.’ लिहावे आणि शेवटी ‘लोभ असावा’ म्हणावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते शब्द राजीनाम्यात घालू नयेत, कारण ते पत्र त्यांच्याइतकेच हिशेब करणाऱ्या माणसासाठी आणि कदाचित त्यांच्यानंतर येणाऱ्या व्यवस्थापकांसाठीही असते. त्या शब्दांसाठी वेगळा कागद घ्यावा आणि तो हाताने लिहावा. त्यात तारखा, वेतन किंवा दाखला यांचा उल्लेखही नको. फक्त त्यांच्याकडून काय मिळाले आणि परीक्षा झाल्यावर भेटायला येईन, एवढे असावे, आणि येणार असाल तरच तसे लिहावे. तो कागद १७ जूनला किल्ली परत करताना त्यांच्या हातात द्यावा.